बायकोची दोन नावं आणि एक पट्टा

जागेचा सरकारी पट्टा बाईच्याच नावानं निघणार असं गल्लीत कळलं, तेव्हा सगळ्या बायका खूश झाल्या आणि मी एकटा घाबरलो. कारण माझ्या बायकोला नावं दोन. दोन्ही खरी. आणि त्या दोन नावांचा जो घोळ झालता तो सगळा मी एकट्यानं केलेला, कुणाचीही मदत न घेता.

आधी जागेचं सांगतो. हैदराबादेत, अंबरपेठेत एका नाल्याच्या वरच्या अंगाला दगडांचा उतार होता, सरकारी. तिथं आम्ही वीस-बावीस वर्षं राहत होतो. कुणाला विचारून नाही. विचारायला तिथं कुणी नव्हतंच, नुसते हत्तीएवढाले दगड. त्यातल्या दोन दगडांच्या मधी आम्ही पत्रे टाकले, मग भिंती घातल्या. एक दगड काही केल्या हलंना, तो स्वयंपाकघरातच राहिला. बायको त्याच्यावर मसाल्याचे डबे ठेवते. मी 'आम्ही भिंती घातल्या' म्हणतो खरं, पण घातल्या तिनं. मी तेव्हा हिमायतनगरच्या साडीच्या दुकानात असायचो. ती दिवसभर नाल्याच्या पलीकडनं डोक्यावर दगडमाती आणायची, आणि मी संध्याकाळी येऊन भिंत वाकडी झालीय म्हणून सांगायचो.

दुकानात माझं काम साड्या दाखवायचं. पदर अंगावर कसा पडतो ते गिऱ्हाईक बायांना कळावं म्हणून साडी स्वतःलाच गुंडाळून उभं राहायचं. मिशा असलेला माणूस पैठणी नेसून उभा राहिला की बाया हसतात, आणि हसलेली बाई साडी घेतेच. मालक म्हणायचा, तुला अक्कल नाही हेच आपल्या दुकानाचं भांडवल. शाळेत मी एकदाच गेलो, ते छप्पर शाकारायला.

तर नावांचं. आपल्यात लग्नात नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायचं असतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना सांगायचं, पेढे वाटायचे. माझं गाव नांदेडकडचं, सासरा सिकंदराबादला रेल्वेत. म्हणजे बायको शहरातली, मराठी शाळेत चार यत्ता झालेली, आणि मी असा. लग्नाच्या आदल्या दिवशी मला विचारलं, नाव काय ठेवायचं. मी कधी विचारच केला नव्हता. मला गोड वाटेल असं एकच नाव आठवलं, तेच सांगून टाकलं. सगळे म्हणले, छान आहे.

ताट समोर आलं. मला अक्षर येईना. मग मामानं माझा हात धरला. मामाला फक्त स्वतःची सही यायची, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्या हातानं तांदळात तीच काढली. बायकोनं मुंडावळ्यांआडनं ताट वाचलं आणि तिला तिथं माझ्या मामाचं नाव दिसलं. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

मी ठेवलेलं नाव कुठनं उचललं होतं ते तिला कळायला तीन वर्षं लागली. एकदा गावी गेलतो. माझी आई सकाळी गोठ्यात गेली आणि तिनं त्या नावानं हाक मारली. बायको चुलीपुढनं "आले" म्हणून उठली. तिकडं म्हैसही हंबरली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी त्या वेळी ओसरीवर दात घासत होतो आणि घासतच राहिलो, तासभर. आता तुम्ही म्हणाल, म्हशीचं नाव बायकोला. पण लहानपणी मला जीव लावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं हो. मी मनापासून ठेवलतं. हे मी तिला समजावून सांगायला गेलो, तर प्रकरण जास्तच चिघळलं.

त्यानंतर तिनं ते नाव वापरलं नाही. भांडली नाही, रुसली नाही, नुसतं वापरलं नाही. शहरात तिला कोण विचारणार होतं? मीटरवाला आला तेव्हा मी दुकानात. तिनं आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि खाली सही केली. तिला सही तेवढीच यायची, शाळेत मास्तरांनी शिकवली ती. घरपट्टीवाला आला, नळवाला आला, सगळीकडं तीच सही. सरकारी जागेवर राहत होतो तरी महापालिका पट्टी वसूल करायची. घेताना कुणी जागा कुणाची म्हणून विचारत नाही.

आणि रेशन कार्डावर मात्र मी सांगितलं. तिथं मी केलं काय ते ऐका.

कार्ड लिहिणारा माणूस आला त्या दिवशी ती माहेरी गेलती. मी ऐटीत खाटेवर बसलो. घरात कोण कोण? मी. मग बायको, तिचं सासरचं नाव. मग मला शेजारच्यानं हळूच सांगितलं की माणसं जितकी जास्त तितकी साखर आणि रॉकेल जास्त. माझ्या डोक्यात असं काही आलं की तिथं थांबायची सोय नाही. मी म्हणलं, आणखी एक आहे, बायकोची बहीण, आमच्याकडंच असते. नाव? मला दुसरं नाव सुचंना, म्हणून बायकोचं माहेरचंच सांगितलं. बायकोला भाऊ दोन, बहीण एकही नाही. अशी माझी मेहुणी जन्माला आली, वय वर्षं एकोणीस, अविवाहित.

पुढं कितीतरी वर्षं आम्ही तिची साखर खाल्ली. बायकोला कळलं तेव्हा ती आधी रागावली, मग म्हणली, असू द्या, माझ्या माहेरची साखर आहे. कार्ड बदललं की मी मेहुणीचं वय वाढवायचो. एकदा मी तिचं लग्न लावून द्यायचा विचार केलता, पण साखर गेली असती म्हणून ठेवून घेतली.

मग शहर बदलायची वर्षं आली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला, पत्र्यापत्र्यावरनं केबलच्या वायरी आल्या, बाटलीतलं पाणी विकायला लागले. आमच्या नाल्याच्या बाजूला आधी कुणी थुंकायलासुद्धा येत नव्हतं. आता सफारी घातलेली माणसं नाकाला रुमाल लावून यायची, पावलं टाकून जागा मोजायची, आणि आमच्या घरांकडं अशी बघायची जसं काही आम्ही आत नाहीच. एक दिवस पलीकडच्या गल्लीतली चार घरं पाडली. त्यांच्याकडं जुना कागद नव्हता. त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातल्या दगडाला पाठ लावून बसली आणि शेजारची भिंत हातानं चाचपली. ती एवढंच म्हणली, "ही भिंत मी दोनदा बांधलीय, पुरात एकदा पडली म्हणून. तिसऱ्यांदा व्हायची नाही माझ्याच्यानं."

मग बातमी आली की जे लई वर्षं सरकारी जागेवर राहतात आणि ज्यांच्याकडं पुरावा आहे, त्यांना सरकार पट्टा देणार, जागा त्यांचीच म्हणून. घरातल्या बाईच्या नावानं. ज्यांच्याकडं पुरावा नाही त्यांच्या भिंतीवर लाल फुली, घर पाडायचं म्हणून.

मंडल ऑफिसच्या, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीच्या, बाहेर कडुलिंबाखाली एक जण टेबल टाकून अर्ज लिहायचा. मी सगळे कागद पिशवीत भरून गेलो. त्यानं एकेक काढून बघितलं आणि विचारलं, घरवाली ही, रेशन कार्डावरची, मग मीटर, नळ, घरपट्टी सगळं ज्या बाईचं आहे ती कोण? आता बघा, तिथं मला खरं सांगायचं होतं. दोन्ही एकच बाई, लग्नात नाव बदललं, संपलं. पण मग साखर? मला वाटलं, लगेच आतनं शिपाई येणार, दहा-बारा वर्षांची साखर परत मागणार. मी म्हणलं, मेहुणी. अर्ज बायकोच्या सासरच्या नावानं, पुरावे मेहुणीचे. अर्जवाला म्हणला, चलता. मी खुशीत घरी आलो आणि बायकोला सांगितलं, काम झालं.

पंधरा दिवसांनी गिरदावर आला. गिरदावर म्हणजे जागेवर येऊन चौकशी करणारा महसुलाचा माणूस. वयस्कर, तोंडात पान, हातात छत्री, आणि उतार चढून आल्यामुळं आधीच वैतागलेला. बायको नळावर गेलती. त्यानं कागद बघितले, घर बघितलं, आतला दगड बघून विचारलं की हा तुमचा की सरकारचा. मग म्हणला, साली को बुलाओ, म्हणजे मेहुणीला बोलवा. मी म्हणलं, गावाला गेलीय. कधी येणार? मी म्हणलं, तिचं काही सांगता येत नाही साहेब, लई मनस्वी आहे.

गिरदावरनं मला समजावलं. जागेवर इतकी वर्षं कोण राहतंय ह्याचा सगळा पुरावा त्या बाईचा. ती हजर झाली पाहिजे, नाहीतर अर्ज पास होणार नाही. अर्ज पास नाही झाला तर काय होतं हे मी विचारलं नाही. त्याच्या बरोबरच्या शिपायाच्या हातात लाल रंगाचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं चित्त नव्हतं. साडी उलटी नेसलो. माझ्याबरोबर एक जण साड्यांच्या घड्या घालायचा, त्याला सगळं सांगितलं. खरं नाही, मेहुणीचंच. तो म्हणला, माणूस हजर करता येत नसंल तर एकच उपाय. मेलं म्हणून सांगायचं. मेल्यावर तिचं ते बहिणीचं होतं. मला हे एकदम पटलं. मी जेवणाच्या सुट्टीत तडक मंडल ऑफिस गाठलं आणि मेहुणीला मारून टाकलं.

तुम्हाला खोटं सांगत नाही, मी रडलो. इतकी वर्षं कार्डावर होती, वाईट वाटणारच. गिरदावरनं मला खुर्ची दिली, चहा मागवला. तो हळू आवाजात म्हणला, जुम्मेरात को आके पंचनामा करतूं, म्हणजे येत्या गुरुवारी. शेजाऱ्यांचे जबाब घेऊ, बाई कधी गेली, कशानं गेली. मी डोळे पुसून कशानं गेली ते ठरवत घरी आलो. ताप चांगला वाटत होता.

बायकोला काही सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी तिला दोन दिवसांसाठी सिकंदराबादला भावाकडं धाडायचं, असा माझा बेत होता. पण बुधवारीच मंडल ऑफिसच्या शिपायाकडनं गल्लीत बातमी पोचली. शेजारी एक तेलुगू बाई राहायची, आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि बायकोला मिठी मारून रडायला लागली. कोण गेलं म्हणून बायको घाबरली. अक्का म्हणली, तुझी बहीण. बायको म्हणली, मला बहीण नाही. अक्काला वाटलं, दुःखानं बोलतेय. मग अक्कानं गेलेल्या बाईचं नाव सांगितलं.

मी संध्याकाळी आलो तर घरात पुरणाचा वास. मी विचारलं, आज काय आहे. बायकोनं पाट मांडला, ताट वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वर तूप. तिनं तांब्या ठेवला आणि म्हणली, "जेवा. माझं तेरावं आहे."

मी तिला सगळं सांगितलं. साखरेपासनं तापापर्यंत. ती वाढत राहिली. पाचव्या पोळीला मी थांबलो. मला वाटलं, आता रडेल नाहीतर लाटणं तरी उचलेल. पण तिनं माझं ताट उचललं आणि पाठमोरी होऊन म्हणली की एक नाव तुम्ही म्हशीला दिलेलं मला दिलं, ते मी सोसलं. राहिलेलं माझ्या बापानं दिलेलं, ते तुम्ही तापानं मारलं. मग पुढं ती इतकी हळू बोलली की मला सरकून ऐकावं लागलं. उद्या घर गेलं, तर जाईल ते तुमच्या अकलेनं जाईल. नाल्याच्या पुरानं नाही गेलं ते, तुमच्यानं जाईल.

त्यावर मी म्हणलं, पोळी मऊ झालती. का म्हणलं ते मला आजवर कळलेलं नाही.

गुरुवारी ती सिकंदराबादला गेली नाही. अंघोळ करून, डोक्याला तेल लावून, दारातल्या पायरीवर बसून राहिली. गिरदावर आला. बरोबर शिपाई, मोजणी करणारा, आणि पंच म्हणून अक्का आणि समोरचा सायकलवाला. गल्लीतल्या बाकीच्यांना बोलवायची गरज नव्हती, ते आलेच. गिरदावर छत्री मिटून म्हणला, मरहूम, म्हणजे वारलेल्या, बाईचं नाव सांगा. मी तोंड उघडायच्या आत बायको उठली.

"मीच ती. मेले नाही. हे बघा."

गिरदावर तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. परवा चहा पाजलेल्या माणसाकडं बघावं तसं नाही. त्यानं पान एका गालातनं दुसऱ्या गालात नेलं.

"तो फिर बीवी कौन है मियाँ? कितनी बीव्यां हैं तुमको?"

मी म्हणलं, एकच. तो म्हणला, एकच असंल तर कार्डावर ही बीवी, अर्जावर ही बीवी, आणि समोर उभी ती साली, आणि साली मेलेली. मी म्हणलं, होय. सायकलवाल्यानं तोंडात रुमाल कोंबला.

मग बायकोनं सांगितलं, तिच्या हैदराबादी हिंदीत, सावकाश. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. गिरदावरला आडनाव बदलतं ते ठाऊक होतं. ती म्हणली, आडनाव नाही, तिचं स्वतःचं नाव. तो म्हणला, असं कुठं असतं? त्यानं अक्काकडं बघितलं. अक्का तिच्यावर इतकी माया करणारी, पण तीसुद्धा म्हणली, आमच्यात नाही बाई असलं काही. मोजणीवाला म्हणला, बाई काय साडी आहे का, घरी आणली की नवा फॉल लावायचा? मला हे धंद्याच्या दृष्टीनं बरोबर वाटलं.

गिरदावरचा विश्वास बसंना. त्याच्या दृष्टीनं मी दोन बायका ठेवलेला, त्यातली एक लपवलेला, नाहीतर मारलेला माणूस होतो. तसा मी दिसत नव्हतो, हे तोच म्हणला. ह्या माणसाला एक सांभाळायची अक्कल नाही. पण कागदावर चालत नाही ना तसं. त्यानं बायकोला विचारलं, दोन्ही नावं तुझीच असतील तर दुसरं नाव आलं कुठनं, कुणी ठेवलं, का ठेवलं?

तिनं माझ्याकडं बघितलं. सगळी गल्ली बघत होती. मला कळलं की ती सांगणार. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. तिनं सांगितलं.

पहिल्यांदा शिपाई हसला. मग सायकलवाला, त्याचा रुमालच पडला. अक्काला तेलुगूत कुणीतरी समजावून सांगितलं, मग अक्का अशी हसली की तिला खाली बसवावं लागलं. गिरदावर मात्र हसला नाही. तो म्हणला की नोकरीत त्यानं नाना तऱ्हेचं खोटं ऐकलंय, पण नवरा स्वतःबद्दल असलं खोटं कधीच पसरू देणार नाही. म्हणजे हे खरं आहे. अशी माझी लाज पहिल्यांदा सरकारी कामाला आली.

तरी त्यानं खात्री करून घेतली. मीटरच्या जुन्या अर्जाची नक्कल काढली आणि कोरा कागद पुढं केला. सही करा अम्मा. तिनं मांडीवर कागद घेतला, जीभ दातात धरली आणि शाळेतल्यासारखी एकेक अक्षर सुटं सुटं करून सही केली. वीस वर्षांपूर्वीची सही आणि ही सही, एकाच मास्तरची. मग तो म्हणला, आता दुसऱ्या नावानं करा. ती म्हणली, येत नाही. कधी केलीच नाही. त्या नावानं मी एक दगडसुद्धा उचलला नाही साहेब.

गिरदावरनं छत्रीची मूठ चोळली. तो म्हणला, दोन्ही बाया एकच असं लिहून घेतो, नोटरीचा कागद करून आणा. पण पट्ट्यावर नाव एकच येणार, आणि मग सगळीकडं तेच लागणार, शेवटपर्यंत. दुसरं कटणार. अर्ज तर सासरच्या नावानं आहे, तेच ठेवू, सोपं पडेल. कसं? हे त्यानं मला विचारलं. घरचा पुरुष म्हणून. मीही सवयीनं मान हलवायला लागलो.

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. लग्नानंतर लोकांसमोर तिनं मला हात लावला तो तेव्हाच.

"तुम्ही एकदा नाव ठेवलंत," ती म्हणली. "आता मी ठेवते."

आणि तिनं गिरदावरला आपलं बापानं ठेवलेलं नाव सांगितलं, स्वतःचं, मग बापाचं. त्यानं जुन्या अर्जावर रेघ मारली आणि नवा अर्ज तिथंच, आमच्या पायरीवर बसून लिहिला. शिपाई रंगाचा डबा घेऊन खाली उतरला.

माझा जबाब राहिलता. तो गिरदावरनं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणत लिहिला. मी अमुक, राहणार अंबरपेठ, लिहून देतो की मला मेहुणी नाही. नसताना ती आहे असं मी सांगितलं. नंतर ती गावाला गेली असं सांगितलं, ती कुठंही गेली नव्हती. नंतर ती तापानं वारली असं सांगितलं, तिला ताप आला नव्हता. इथं तो थांबून म्हणला, और कुछ? मी म्हणलं, भजीसुद्धा केलती साहेब तिच्या तेराव्याला. ते त्यानं लिहिलं नाही. मी अंगठा दिला. दोन पंचांच्या सह्या झाल्या. अक्का सही करतानाही हसत होती, म्हणून तिची सही हललीय. आजही कागदावर दिसते.

चारेक महिन्यांनी पट्टे वाटले. मैदानात मांडव, माईक, स्टेजवर पुढारी, थंड पेयाच्या कंपनीची कापडं चहूकडं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. माईकवरनं एकेक नाव पुकारायचे, बाई स्टेजवर जायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. मी सगळ्यांसाठी वाजवत होतो. एक नाव आलं, कुणी उठलं नाही बहुतेक, पुन्हा पुकारलं. मी टाळ्या वाजवत इकडंतिकडं बघायला लागलो, कोण ही बाई, उठत का नाही. शेजारच्या सायकलवाल्यानं मला कोपर मारलं. तेव्हा बघितलं तर माझी बायको गर्दीतनं वाट काढत स्टेजकडं चालली होती. तिला बाहेर पडायला जागा मिळत नव्हती, एवढंच. त्या नावानं तिला कुणी मोठ्यानं हाक मारलेली मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. मी तिला नुसतं "ए" म्हणायचो.

तिनं पट्टा दोन्ही हातांनी घेतला. वाचला. स्टेजवरच उभं राहून, वरपासनं खालपर्यंत, चार दिशांना काय आहे ते सगळं. पुढाऱ्याला फोटोसाठी घाई होती, ती हलंना. खाली उतरून आली तेव्हा मला म्हणली, उत्तरेला नाला लिहिलाय, बरोबर आहे. मग पट्टा पदराखाली घेतला. घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती, आणि उतार चढताना थांबली नाही.

रेशन कार्ड दुरुस्त करायचं तेवढं राहिलतं. जागा तिच्या नावाची, म्हणून कार्डही तिच्याच नावानं करून घ्यायचं ठरलं. रेशन ऑफिसच्या खिडकीत एक तेलुगू कारकून होता. त्यानं आधी मला साखरेवरनं जे ऐकवायचं ते ऐकवलं, मी मान खाली घालून ऐकलं, आवश्यक तिथं हसलो. मग त्यानं जुन्या कार्डावरच्या बायकोच्या नावावर रेघ मारली. मेहुणीला वर घेतलं आणि तिच्यापुढं कुटुंबप्रमुख लिहिलं. आता कार्डावर उरलो मी. ज्या बाईचा नवरा म्हणून माझं नाव होतं, ती बाई नुकतीच कटलेली. कारकुनानं पेन उचललं आणि माझ्याकडं बोट करून बायकोला हिंदीत विचारलं, हे तुमचे कोण लागतात?

तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, पट्टा बघितला होता तसं. मग कारकुनाला मराठीत म्हणली, "जुनं अतिक्रमण आहे. काढायचं राहून गेलं."

त्याला काही कळलं नाही. तो पेन तसंच धरून माझ्याकडं वळला, अम्मा काय म्हणाल्या?

मी म्हणलं, "नवरा म्हणतेय."